रंध्याचं वय आणि आत्याच्या खाचा

तीर्थरूप दादास,

तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी धाकट्या असलेल्या चुलत भावाचा, कंबर जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे, तेव्हा राहिलेला नमस्कार उभ्याउभ्याच केला आहे, तो गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? ही दोन्ही दुखणी मला अकरा वर्षांपूर्वी नात्यातल्या एका लग्नात कळली होती, त्यामुळे एव्हाना गुडघा बदलून झाला असेल तर चौकशी नव्या गुडघ्याची केली आहे असं समज. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावजयीचे डोळे बरे आहेत, इतके बरे की मी साखरेच्या डब्याला हात लावला तर तिला पलीकडच्या खोलीतून दिसतं. आत्या चौऱ्याऐंशीची झाली. ती आमच्याकडेच असते, मोठ्या खिडकीच्या खोलीत, आणि ऐकायला कमी येतं असं सांगून सगळं ऐकते.

पत्र लिहिण्यास कारण काहीही नाही. मला तुझ्याकडून काडीचीही अपेक्षा नाही, हे आधीच स्पष्ट लिहितो. (हे वाक्य लक्षात ठेव.) फक्त एक शास्त्रीय माहिती कळवायची आहे आणि ती कळवताना माझी छाती जरा फुगलेली असेल, तर तेवढं चालवून घे. त्या लग्नात आपण एकमेकांशी दोनच वाक्यं बोललो होतो. तू म्हणालास, "आजोबांचा जुना रंधा आम्ही काचेच्या कपाटात ठेवलाय, ये कधी बघायला." मी म्हणालो, "आजोबांचा जुना रंधा माझ्या बाकावर आहे, अजून रोज चालतो." त्यानंतर तू पहिल्या पंगतीला बसलास आणि मी दुसऱ्या. आपल्या दोघांच्या वडिलांनी सुरू केलेलं भांडण आपण इतक्या निष्ठेनं पुढे चालवलं, की दुसरं काहीही आपण त्यांच्याकडून इतकं नीट शिकलो नसू.

आता माझ्या नव्या कीर्तीबद्दल. मी निवृत्त झालो तरी ज्या तंत्रशाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवलं, ती शाळा काही मला सोडत नाही. तिथल्या प्राचार्य बाईंनी जुन्या हत्यारांचं एक दालन करायचं ठरवलं. कोठारात आणि गावातल्या घरांत मिळून चौतीस विलायती रंधे निघाले, आणि बाईंनी मला सांगितलं की प्रत्येकाखाली त्याचं वय लिहिलेलं कार्ड हवं. रंध्याला कुणी जन्मदाखला देत नाही. ज्या कंपन्यांनी ते केले, त्यांनीही आत तारीख घातलेली नाही. मग मी जुने कॅटलॉग मिळवले, भिंग घेतलं आणि चार महिने त्यातच घातले. दादा, आज मी अभिमानानं सांगतो, की या गावात रंधा हातात घेऊन त्याचं वय सांगणारा माणूस एकच आहे. मला लोक 'वयमास्तर' म्हणतात. (ही म्हणते, लग्नाची तारीख ज्याला चार दिवस उशिरा आठवते त्याला हे नाव कुणी दिलं ते मला दाखवा.)

हे काम कसं करतात ते तुला थोडक्यात सांगतो. रंधा म्हणजे एक वस्तू नव्हे, ते एक कुटुंब असतं आणि त्यातल्या प्रत्येकाचं वय वेगळं विचारावं लागतं. पात्याला वरून दाबून धरणारी जी लोखंडी पट्टी असते, तिला एक भोक असतं. आजोबांचा रंधा ज्या विलायती कंपनीचा आहे, तिच्या जुन्या पट्टीचं भोक कुलपाच्या भोकासारखं, वर गोल आणि खाली चीर. नंतरच्या पट्टीचं घेवड्याच्या बीसारखं, कमरेत वाकलेलं. पातं खालीवर करायला मागे एक चाक असतं. ते आधी पितळी. मग मोठं युद्ध आलं, पितळ तिकडे गेलं, आणि काही वर्षं काळं लोखंडी चाक लागलं. मूठ आधी शिसवी, नंतर फिक्या लाकडाला काळसर रंग देऊन शिसवीचं सोंग आणलेली. बुडावर 'मेड इन इंग्लंड' अशी ओतीव अक्षरं असतात, त्यांची ठेवणही बदलत गेली. हे सगळं जुळलं तर वय नक्की. एखादी गोष्ट जुळली नाही, तर कुणीतरी कधीतरी त्या रंध्याचा भाग बदलला, हे ओळखायचं आणि मालकाचं तोंड न बघता सांगून टाकायचं.

मालकाचं तोंड न बघता, हे मी आमच्या व्याह्यांच्या घरी शिकलो. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी त्यांनी आपल्या खापरपणजोबांचा रंधा मखमलीत गुंडाळलेला बाहेर आणला आणि डोळे मिटून त्याचा इतिहास सांगायला सुरुवात केली. त्यांचे डोळे मिटलेले होते तेवढ्यात मी स्क्रू काढले. (सवय, दुसरं काय. पेचकस आता माझ्या खिशात पेनाच्या शेजारी असतो.) त्यांनी डोळे उघडले तेव्हा खापरपणजोबा सात तुकड्यांत ताटाशेजारी पडलेले होते आणि मी सांगत होतो की मूठ प्लास्टिकची आहे, मापं मिलिमीटरमध्ये आहेत आणि हा रंधा फार तर आमच्या जावयाच्या वयाचा आहे. त्या दिवशी जेवणात मला मीठ कुणी वाढलं नाही. लेकीनं फोनवर सांगितलं, बाबा, यापुढे येताना रिकाम्या खिशानं या. पण कार्डावर मी खरं तेच लिहिलं. शास्त्रापुढे व्याही काय आणि कोण काय.

असे तेहतीस रंधे झाले. चौतिसावा आपला. माझा, असं मी तेव्हा लिहिलं असतं. आता आपला लिहितो, त्याचं कारण पुढे येईल. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. खरं तर तो तपासायची मला गरजच वाटली नव्हती. घरच्या माणसाचं वय कोण भिंगातून बघतं? बाबा सांगायचे की तो दीडशे वर्षांचा आहे, आजोबांना तो त्यांच्या आजोबांकडून आला. मी कार्ड सगळ्यात आधी लिहून ठेवलं होतं: 'वय दीडशे वर्षं. या दालनातील सर्वांत जुना रंधा.' बाईंनी तेच वाक्य निमंत्रणपत्रिकेवर छापूनही टाकलं. समारंभ पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला आहे. आणि मग मला, दादा, मोह झाला. मी बाईंना म्हणालो की कार्डाचं शास्त्र लोकांना कळावं म्हणून मी आपला रंधा सगळ्यांसमोर खोलून दाखवतो. मोठ्या कार्यशाळेत दोन वर्ग, सगळे मास्तर, बाई, आणि दाराशी उभे राहून ऐकणारे आमचे व्याही (त्यांना कुणी बोलावलं होतं ते मी अजून शोधतो आहे) अशी सभा भरली. मी पांढरं कापड पसरलं, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि आपल्या घराण्याबद्दल वीस मिनिटं बोललो. काय बोललो होतो! तुझ्या वडिलांचा उल्लेखही केला. 'जुना रंधा आपल्याकडे आहे असा एका नातलगाचा गैरसमज होता,' एवढाच, पण केला.

मग पट्टी काढली आणि सभेसमोर वर धरली. भोक घेवड्याच्या बीसारखं.

मी म्हणालो, "पट्टी नंतर कुणीतरी बदललेली दिसते." चाक काढलं. काळं लोखंडी. आता तू म्हणशील, बेचाळीस वर्षं ते चाक तू रोज फिरवतोस, तुला ते काळं आहे हे माहीत नव्हतं? माहीत होतं. पण आमच्या घरात काळं म्हणजे जुनं असं समजायचे आणि मीही तेच समजत आलो. चार महिन्यांत सगळ्या गावाचे रंधे नव्यानं पाहिले, स्वतःचा एकदाही नव्यानं पाहिला नाही. मागची मूठ काढून तिच्या बुडाला जरा खरवडलं, तर काळ्या रंगाखाली फिकं लाकूड. बूड पाहिलं, तर ते मात्र युद्धाच्या आधीचं, चांगलं पाच-सात वर्षं आधीचं, आणि पातंही त्याच काळचं. म्हणजे दीडशे वर्षं तर कुठेच नव्हती; जास्तीत जास्त नव्वद. आणि त्यातही एक रंधा नाही, दोन रंध्यांची खिचडी. समोर तीन रांगांत लोक, आणि मागे व्याही दोन्ही हात छातीवर बांधून असे हसत होते, की त्यांच्या रंध्याची प्लास्टिकची मूठ त्या हसण्यातच वसूल झाली असेल.

बाईंनी शांतपणे विचारलं, "सर, मग कार्डावर काय लिहायचं?" मी म्हणालो, "संशोधन सुरू आहे." सत्तरीकडे आलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं उत्तर सुचायला हवं होतं, पण सुचलं नाही. सगळे तुकडे कापडात बांधले आणि घरी आलो. हिनं चेहरा पाहिला आणि काही न विचारता चहा ठेवला. यावरून तुला प्रसंगाचं गांभीर्य कळेल, कारण ही न विचारता राहिली असं आमच्या संसारात फार वेळा झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात एकेक तुकडा भिंगाखाली घेतला. आणि मला खाचा दिसल्या. बुडाच्या मागच्या कडेवर तिकोनी कानशीनं केलेली एक बारीक खाच. पात्याच्या माथ्यावर तशीच एक खाच. पण मुठीखाली दोन खाचा. पट्टीच्या मागे दोन. चाकाच्या काठावर दोन. आपण सुतार माणसं, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. दोन चौकटी शेजारीशेजारी जुळवायच्या असल्या, की एकीच्या सगळ्या भागांवर एक खूण करायची आणि दुसरीच्या भागांवर दोन, म्हणजे मिसळ होत नाही. कुणीतरी दोन रंधे वेगळे राहावेत म्हणून खुणा केल्या होत्या. खुणा करणारा माणूस ते चुकून मिसळू देणार नाही. म्हणजे ज्यानं मिसळले त्यानं ठरवून मिसळले. मी मोठ्यानं म्हणालो, "हे आजोबांचं काम!" आणि मला एकदम भरून आलं. काय दूरदृष्टी! दोन्ही मुलांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून त्या पुण्यवान माणसानं... अशी माझी समाधी लागलेली असताना पलंगावरून आवाज आला, "आजोबांना चष्म्याशिवाय कानस आणि पेन्सिल वेगळी कळायची नाही. त्या खाचा माझ्या आहेत."

ऐकायला कमी येणाऱ्या आपल्या आत्यानं हे सांगितलं. मी भिंग खाली ठेवलं आणि तिच्या पलंगाशी जाऊन बसलो.

दादा, आपण दोघं त्या घरात वाढलो. आजोबांच्या कारखान्यातले दोन रंधे आपल्याला आठवतात, तो जुना आणि युद्धानंतर घेतलेला नवा, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. आपले बाबा आणि काका रंधा मारायचे तेही आठवतं. पण दर शनिवारी दुपारी मागच्या पडवीत बसून ते दोन्ही रंधे कोण खोलायचं, रॉकेलनं पुसायचं, तेलाच्या दगडावर पातं घासायचं, धार आली की नाही ते मनगटावरचे केस काढून बघायचं, आणि पुन्हा जोडून फळीवर ठेवायचं, हे तुला आठवतं का? मला आठवत नव्हतं. ती म्हणाली तेव्हा आठवलं. ती पाठमोरी बसलेली, शेजारी तेलाचं डबडं, आणि आपण दोघं तिच्या अंगावरून उड्या मारत परसात पळतो आहोत. आजोबांनी तिला धार लावायला शिकवलं, कारण दोन्ही मुलगे आळशी होते. (हे तिचे शब्द. माझे नाहीत. पण खोटे आहेत असंही मी म्हणणार नाही.) रंधा मारायला मात्र तिला कधी दिला नाही. तुकडे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून तिनं खाचा केल्या: जुन्याला एक, नव्याला दोन. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

आणि मग वाटणीचा दिवस. तू आणि मी तेव्हा चोवीस वर्षांचे, सामान उचलायला होतो. आजोबा वर्षापूर्वीच गेले होते. भांडी झाली, बाक झाले, करवती झाल्या, आणि दोन रंध्यांपाशी गाडी अडली. जुना मला, जुना मला, असं सकाळपासून जेवणापर्यंत चाललं. लाकूडवाल्याला बोलावून आणला, शेजारच्या लोहाराला विचारलं, दोघांनीही दोन मतं दिली. आत्या सांगत होती आणि मी ऐकत होतो. ती म्हणाली, "दर शनिवारी दोन्ही रंधे कोण खोलतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी दारातच उभी होते. मला कुणी विचारलं नाही. मग म्हटलं, द्या इकडे, पुसून देते. आत नेले, निम्मा इकडचा तिकडे केला आणि आणून ठेवले. दोघांना जुना हवा होता ना? दिला दोघांना."

आता यातली गंमत बघ. माझे बाबा जुना रंधा ओळखायचे बुडावरून, कारण त्याचा डावा कोपरा एकदा फरशीवर पडून उडालेला होता. तुझे बाबा ओळखायचे मुठीवरून, कारण त्या शिसवी मुठीवर एक चरा होता आणि तो त्यांच्या तळहाताला बरोबर लागायचा. आत्याला दोघांचंही माहीत होतं. बाबांनी पुढे होऊन उडालेल्या कोपऱ्याचा उचलला. काकांनी चरा असलेली मूठ धरली. दोघांनाही वाटलं की आपण जिंकलो आणि समोरच्याच्या लक्षात आलेलं नाही. दोघंही मूग गिळून गप्प बसले, दोघंही खूश होऊन निघाले. वर्षभरानं दोघांच्या कानावर आलं की दुसराही 'जुना माझ्याकडे' म्हणतो आहे, आणि मग जे फिसकटलं ते कायमचं. तुझे बाबा गेले त्या दिवशी माझे बाबा कुणाशी न बोलता बाकावर बसून होते. समोर रंधा होता. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "गेला, पण शेवटपर्यंत कबूल केलं नाही त्यानं." दोघंही खरं बोलत होते, दादा. दोघंही निम्मं खरं बोलत होते आणि बाकीच्या निम्म्यासाठी सख्ख्या भावाशी बोलले नाहीत. हे कळल्यावर मला रडू आलं, ते लपवत नाही.

मी आत्याला विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलीस? ती म्हणाली, "आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत होते. कुणी विचारतंय का बघत होते. तुम्ही पण विचारलं नाहीत." मग तिनं तेलाचा दगड मागितला. मी म्हणालो, आत्या, तुझा हात थरथरतो. ती म्हणाली, दगडावर ठेवला की थांबतो. आणि थांबला! माझं पातं तिनं दोन सकाळ बसून घासलं. मी तीस वर्षं मुलांना धार शिकवली, माझी स्वतःची धार बरी समजत होतो. तिनं लावलेलं पातं माझ्या मनगटाच्या वर नुसतं टेकवलं आणि केस असे निघाले, की तिथे आता तुळतुळीत चौकोन झाला आहे. तो मी दुधवाल्याला, पोस्टमनला आणि (बाही मुद्दाम वर करून) व्याह्यांनाही दाखवला. व्याही म्हणाले, "हे मात्र मानलं." दादा, दीडशे वर्षांच्या रंध्याचा अभिमान मी बेचाळीस वर्षं बाळगला, तो एका सकाळीत गेला. त्याच्या जागी जो आला तो जास्त मोठा आहे. ज्या घरात अशी धार लावणारी बाई होती त्या घरातला मी आहे, आणि तूही आहेस.

तर एवढीच शास्त्रीय माहिती. तुझ्या काचेच्या कपाटातला रंधा उघडून बघायची गरज नाही, पण बघितलास तर बुडाला आणि पात्याला दोन खाचा सापडतील, आणि मुठीला, पट्टीला, चाकाला एक. चाक पितळी असेल. पट्टीचं भोक कुलपाच्या भोकासारखं असेल. न बघता सांगतो आहे, यावरून वयमास्तर हे नाव उगाच पडलेलं नाही हे तू कबूल करशील. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल.

कळावे, लोभ होताच तसा पुन्हा व्हावा.

तुझा,
चार महिन्यांनी धाकटा आणि रंध्यावर निम्माच हक्क राहिलेला भाऊ

ता. क. वर मी काडीचीही अपेक्षा नाही असं लिहिलं आहे. ते वाक्य खोडावं म्हटलं तर पानाचा अवतार होईल, म्हणून तसंच ठेवलं. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेपर्यंत तुझा रंधा घेऊन इकडे ये. पार्सलनं पाठवू नकोस, स्वतः ये, वहिनींना घेऊन ये. वरची खोली रिकामी आहे, जिन्याला कठडा आहे, गुडघ्याला त्रास होणार नाही. दोन्ही रंधे एका बाकावर खोलायचे आहेत.

ता. क. दुसरा. मी मनात असं ठरवलं होतं, की जुना जोडला की तो तुझा की माझा हे आपण दोघं समजुतीनं बघू. आत्यानं पत्र वाचून दाखवायला लावलं आणि इथे मला थांबवलं. ती म्हणते, एका खाचेचा सगळा जोडून झाला की तो माझा. दोन खाचांच्या नव्यावर तुम्ही दोघं खुशाल भांडा. आणि प्राचार्य बाईंनी विचारलं की समारंभाला फीत कोण कापणार, तर ती म्हणाली, फीत नको, सागाची एक फळी ठेवा. जन्मभर धार लावली, त्या रंध्यानं एक ढलपी मला स्वतःला काढायची आहे. बाईंनी लगेच हो म्हटलं आणि पत्रिका नव्यानं छापायला दिल्या. तेव्हा तू आला नाहीस तर चौऱ्याऐंशी वर्षांची बाई तीनशे माणसांसमोर बिनमुठीच्या रंध्यापाशी उभी राहील, एवढं लक्षात घे. कार्डही तिनं सांगितलं आहे, मी फक्त लिहिलं: 'वय सुमारे नव्वद. धार आत्याची.'

ता. क. तिसरा. तू हे वाचता वाचताच पेचकस शोधायला उठला असशील, मी ओळखून आहे. मूठ काढशील तेव्हा तिच्याखाली चामड्याची एक गोल चकती निघेल, ती टाकू नकोस. जुनी मूठ नव्या बुडावर किंचित बुटकी पडत होती आणि हलत होती, म्हणून आत्यानं घाईघाईत आपल्या चपलेचा पट्टा कापून ती चकती घातली. वाटणीच्या त्या दिवशी ती दुपारपासून तुटकी चप्पल दोरीनं पायाला बांधून अंगणात-पडवीत वावरत होती, सामान उचलणाऱ्या आपल्याला पाणी आणून देत होती. तुझ्या लक्षात आलं होतं का? माझ्या नाही. ती म्हणते, चकती परत आणायला सांग, पट्टा कापलेली ती चप्पल मी अजून ठेवली आहे.